दोन औषधांची जोडी, पण मुदतीपुरती

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात. आजार भडकला की दिवसातून सहा-सहा वेळा, कधी त्याहून जास्त, रक्ताचे जुलाब होतात, ताप चढतो, नाडी जलद चालते. रुग्णाला दाखल करून शिरेतून स्टेरॉइड द्यायचे, ही जुनी रीत. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना त्याने गुण येत नाही. मग इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, आणि तेही लागू पडले नाही तर मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया. एक औषध हरेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, या क्रमात रुग्णाचे मोलाचे दिवस जातात. म्हणून निवडक रुग्णांना सुरुवातीलाच दोन औषधे एकत्र द्यावीत, मात्र ठरावीक मुदतीसाठी, असे मला वाटते.

याला आधार आहे तो लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमधील चाचणीचा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीव्र आजाराचे १०४ रुग्ण होते. स्टेरॉइड सगळ्यांनाच मिळाले. निम्म्यांना त्याच्या जोडीला सात दिवस टोफासिटिनिबच्या गोळ्या, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. सातव्या दिवशी जोडीच्या गटात ८३ टक्क्यांना उतार पडला होता, दुसऱ्या गटात ५९ टक्क्यांना. परदेशातल्या ‘व्हेगा’ चाचणीत २१४ रुग्णांवर गुसेलकुमॅब आणि गोलिमुमॅब ही इंजेक्शने तपासली गेली. सूज पेटवणारे शरीरातले संदेश एकाहून अधिक. ही दोन औषधे त्यातले वेगवेगळे संदेश अडवतात. बाराव्या आठवड्याला जोडीने ३७ टक्के रुग्णांचा आजार शमला, एकेकट्या औषधाने २१-२२ टक्क्यांचा. त्यानंतर गोलिमुमॅब थांबवले, तरी जोडीने सुरुवात केलेले रुग्ण पुढेही सरस राहिले. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रतिकारशक्ती दुहेरी दाबली तर जंतुसंसर्ग वाढणार नाही का, हा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे तर क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात सुप्त असतात आणि इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी ते जागे होऊ शकतात. लुधियानातही टोफासिटिनिब घेणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूजवळच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. शिवाय ‘व्हेगा’तले रुग्ण गोलिमुमॅबच्या वर्गातली औषधे पूर्वी न घेतलेले होते, अनेक औषधे हरलेल्यांना तेच आकडे लावता येणार नाहीत. हे सगळे मान्य करूनही एक बाब विसरता येत नाही: न शमलेला आजार आणि महिनोन्‌महिने चाललेले स्टेरॉइड हेही धोकेच आहेत, आणि संसर्ग स्टेरॉइडनेही होतो. या आक्षेपांमुळे जोडी बाद ठरत नाही. रुग्ण निवडून, क्षयाची तपासणी करून आणि मुदत आखूनच ती द्यावी, एवढे त्यांतून ठरते. त्यातही आतडे फुटण्याच्या बेतात असेल तर प्रयोग नकोत, शस्त्रक्रियाच हवी.

तुम्हाला किंवा घरात कुणाला अशी जोडी सुचवली गेली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: क्षयाची तपासणी झाली का, आणि दुसरे औषध कधी बंद होणार?