मोठी गाडी परवडते कोणाला? सात सीट आणि एका लिटरचा हिशेब

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. आपल्या जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत दहा-बारा वर्षांपूर्वी ज्या दारात सुमो, क्वालिस नाहीतर स्कॉर्पिओ उभी असायची, त्यातल्या बऱ्याच दारांत आता लहान मोटार दिसते. मोठ्या गाडीची हौस संपली असं मुळीच नाही. ती चालवणं जड झालं. त्याच वेळी जुन्या मोठ्या गाड्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आहेत, आणि "एवढ्या पैशात नवी लहान गाडीसुद्धा येत नाही, मग हीच घेऊ" असा विचार अनेक घरांत चालू आहे. आपल्यातले पुष्कळ लोक व्याजाचं कर्ज नको म्हणून साठवलेल्या रोख रकमेतून गाडी घेतात. म्हणजे फसलो तर घरची बचतच अडकते. म्हणून हा हिशेब नीट मांडून पाहू. वर्गात आम्ही एकक पद्धत शिकवतो. त्यापलीकडचं गणित इथे लागणार नाही.

डिझेल स्वस्त होतं तेव्हा

टाटा सुमो १९९४ साली आली, बोलेरो आणि क्वालिस २००० साली, स्कॉर्पिओ २००२ साली. त्या काळी मोठी गाडी घेणं ही नुसती हौस नव्हती, तो शहाणपणाचा सौदा होता. कारण डिझेलचा भाव सरकार ठरवत होतं आणि तो पेट्रोलपेक्षा खूप कमी होता. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये लिटर झालं, तेव्हा डिझेल ४०.९१ रुपये होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक!

आता हिशेब करा. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणारी मोठी डिझेल गाडी लिटरला १० किलोमीटर देते असं धरलं, तर १०० लिटर लागले, म्हणजे सुमारे ४,०९० रुपये. लहान पेट्रोल गाडी लिटरला २० देते असं धरलं, तर ५० लिटर लागले, म्हणजे सुमारे ३,६६० रुपये. महिन्याला जेमतेम सव्वाचारशे-साडेचारशे रुपयांचा फरक. एवढ्या फरकात सात-आठ माणसं बसत असतील तर मोठी गाडी कोण सोडेल?

पण जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव दर महिन्याला थोडा थोडा वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्णपणे बाजारावर सोडला गेला. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत डिझेलनेही. पुढे केंद्राने आणि राज्याने कर थोडे कमी केले, तरी जुना फरक परत आला नाही.

सोपं जावं म्हणून पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरू. तुमच्या पंपावरचा भाव घालून तुम्ही पुन्हा करून बघा. तीच मोठी गाडी, तेच १,००० किलोमीटर: ९,२०० रुपये. लहान गाडी: ५,२५० रुपये. फरक ३,९५० रुपये महिना, म्हणजे वर्षाला ४७,४०० रुपये. २०१२ मध्ये हाच फरक वर्षाला पाच-सव्वापाच हजार होता. गाडी तीच, रस्ता तोच; घराचा हिशेब मात्र पार बदलला.

मोठी गाडी जास्त का पिते?

पहिलं कारण वजन. लहान मोटार आठशे-नऊशे किलोच्या आसपास असते, फॉर्च्युनरसारखी गाडी दोन टनांच्या वर. धडगावचा किंवा तोरणमाळचा घाट चढताना इंजिनाला आधी गाडीचं स्वतःचं वजन वर न्यावं लागतं, मग माणसांचं. दुसरं कारण वारा. उंच आणि रुंद गाडी समोरची हवा जास्त ढकलते, आणि वेग वाढला की हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेलो तर हवेचा विरोध सुमारे दीडपट होतो. त्यात टपावर रिकामं कॅरिअर आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी भर.

मग रस्त्यावर एसयूव्ही वाढल्या कशा?

हा प्रश्न रास्त आहे. २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्यांपैकी साधारण ६५ टक्के एसयूव्ही आणि तत्सम गाड्या होत्या. पण त्यातल्या बऱ्याचशा दिसायला एसयूव्ही, आतून लहान मोटार अशा आहेत: लांबी चार मीटरपेक्षा कमी, इंजिन १.२ लिटर किंवा त्याहूनही छोटं. सरकारचा करही चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीवर कमी आणि मोठीवर जास्त. आपल्या ओळखीच्या बोलेरोचंच बघा. तिचं जुनं इंजिन अडीच लिटरचं होतं. २०१६ मध्ये तिची लांबी चार मीटरच्या आत आणून दीड लिटरचं इंजिन बसवलं गेलं. सुमो २०१९ मध्ये बंद झाली. तिथे इंधनापेक्षा सुरक्षेचे नवे नियम आणि एप्रिल २०२० पासून येणारं बीएस-सहा हे कारण मोठं होतं. त्याच एप्रिलपासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. त्याच्या महिनाभर आधीच अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मोठ्या गाड्यांचे चार कारखाने बंद करण्याची घोषणा केली होती, आणि २०१० मध्ये त्यांची प्रसिद्ध हमर गाडीही बंद पडली. तेल महागलं की सर्वात आधी सर्वात जड गाडी मागे पडते.

खर्च सीटचा, गाडीचा नव्हे

आता खरा मुद्दा. नंदुरबारहून सुरतला जाऊन यायचं, साधारण ३२० किलोमीटर धरू. कुणाला दवाखान्यात दाखवायचंय, कुणाला लग्नाची खरेदी करायची आहे. मोठ्या गाडीला ३२ लिटर डिझेल लागेल, २,९४४ रुपये. लहान गाडीला १६ लिटर पेट्रोल, १,६८० रुपये.

मोठ्या गाडीत सात जण बसले तर माणशी ४२० रुपये. लहान गाडीत चार जण बसले तरीही माणशी ४२० रुपये. म्हणजे भरलेली मोठी गाडी उधळी नाही. पण त्याच मोठ्या गाडीत दोघंच गेले तर माणशी १,४७२ रुपये पडतात. लहान गाडीत दोघांना ८४०. खर्च वाढवते ती रिकामी सीट.

म्हणूनच धडगाव, मोलगीच्या रस्त्यावर क्रूझर आणि बोलेरो अजून टिकून आहेत. त्या भरून जातात. घरातून गेली ती मोठी गाडी, जी वर्षातले बहुतेक दिवस एका माणसाला दुकानावर नेऊन आणत होती. इस्राफ म्हणजे नेमकं काय, हे मुलांना समजवायला यापेक्षा सोपं उदाहरण आम्हाला सापडत नाही. वस्तू मोठी असण्यात दोष नाही; गरज नसताना ती रोज खर्ची घालणं हा इस्राफ.

गुजरातचं पेट्रोल

आपला जिल्हा सीमेवरचा. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरातेत पेट्रोलवरचा कर कमी असल्याने गेली काही वर्षं तिथे लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास स्वस्त पडतं. डिझेलच्या भावात मात्र आता दोन राज्यांत फारसा फरक उरलेला नाही, म्हणजे हा फायदा मोठ्या डिझेल गाडीला मिळतच नाही. पेट्रोल गाडीलाही मुद्दाम जाऊन फार हाती लागत नाही: ३० लिटर भरले तर ३०० रुपये वाचले, पण त्यासाठी ४० किलोमीटरची फेरी झाली तर सुमारे २०० रुपये रस्त्यातच गेले. त्या बाजूला कामाने जाणं झालं तर जरूर भरा.

जुनी मोठी गाडी घेण्याआधी

एक, मागच्या वर्षी पाचपेक्षा जास्त माणसं घेऊन तुम्ही किती वेळा निघालात ते मोजा. निकाह, वलीमा, अक्कलकुव्याच्या जामियात शिकणाऱ्या मुलाची भेट, हाजींना सोडायला मुंबई, सगळं धरा. सहा-आठ वेळाच असेल तर तेवढ्यापुरती क्रूझर किंवा तुफान भाड्याने घ्या. वर काढलेल्या ४७ हजारांत ते बसतं का, ते भाडं विचारून पाहा.

दोन, आरसी बुक बघा. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते. मोटारीसाठी ही फी ५,००० रुपये आहे आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा.

तीन, दिल्ली पासिंगची गाडी फार स्वस्त मिळत असेल तर कारण समजून घ्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळे त्या बाहेर विकल्या जातात. इथे आणल्यावर एनओसी, नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, हे सगळं किंमतीत मिळवा.

चार, "भाडं मारून डिझेल काढू" हा हिशेब करू नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याची माणसं नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आणि घरात गाडी आधीच असेल तर एक वही करा. टाकी फुल्ल करा, मीटरचा आकडा लिहा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हा तुमच्या गाडीचा खरा ॲव्हरेज. शेजारी त्या दिवशी गाडीत किती जण होते तेही लिहा. हे काम आठवी-नववीतल्या मुला-मुलीकडे द्या. दोन महिन्यांत आकडे समोर येतील, मग गाडी ठेवायची, विकायची की बदलायची, हे घरातले सगळे मिळून बसून ठरवता येईल.