शेजाऱ्याच्या छपरावरचा अँटेना

जर्मनीचं एकीकरण झाल्यावर, १९९०नंतरच्या वर्षांत, पूर्वेकडचं मोडकळीला आलेलं टेलिफोनचं जाळं नव्यानं टाकायला घेतलं गेलं. काही भागांत जुन्या तारांच्या जागी थेट काचतंतूची केबल पुरली. त्या काळातली ती सगळ्यांत पुढची वस्तू. पण दहा वर्षांनी घराघरांत ब्रॉडबँड आलं ते तांब्याच्या तारेवरून, आणि पूर्व बर्लिनमधल्या फ्रीडरिक्सहाइनसारख्या वस्त्यांत काही गल्ल्यांखाली तांबंच उरलं नव्हतं. मग ज्याच्याकडे जोडणी होती त्यानं छपरावर अँटेना लावला आणि समोरच्या घराला सिग्नल दिला, समोरच्यानं तो पलीकडच्याला पोचवला. ‘फ्रायफुंक’, म्हणजे मुक्त बिनतारी, या स्वयंसेवकांच्या चळवळीनं २००२-०३च्या सुमारास बर्लिनमध्ये मूळ धरलं ते असं. स्वतःची नड भागवताना ही मंडळी एक कसब शिकली. बारा वर्षांनी ते अगदी परक्या माणसांच्या उपयोगी पडलं.

२०१५ साली जवळपास ८ लाख ९० हजार माणसं आश्रय मागायला जर्मनीत आली. बहुतेक सीरिया, अफगाणिस्तान आणि इराकमधली. शाळांची क्रीडागृहं, रिकाम्या कचेऱ्या, बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळाचे हँगर, मिळेल तिथे खाटा टाकल्या गेल्या. कुणी कोणत्या राज्यात राहायचं हे येणाऱ्याच्या हाती नसतं. ‘क्योनिगश्टाइन सूत्र’ नावाचा एक हिशेब आहे: राज्याच्या करउत्पन्नाला दोन तृतीयांश वजन, लोकसंख्येला एक तृतीयांश. या हिशेबानं अलेप्पोचा माणूस अशा गावाला पोचतो, ज्याचं नाव त्यानं आयुष्यात ऐकलेलं नसतं.

तेव्हा युरोपभर एक प्रश्न पुन्हापुन्हा विचारला गेला: हे खरंच नाडलेले असतील, तर यांच्या हातात स्मार्टफोन कसे? मला हा प्रश्न क्रूर वाटतो. घर सोडताना माणूस जे उचलतो त्यात दागिना असतो, कागद असतात. या पिढीचे कागद, नकाशा, फोटोंचा अल्बम आणि आईचा आवाज एकाच वस्तूत मावत होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेनं २०१६ साली या विषयावर अहवाल काढला. निर्वासित कुटुंबं हाती उरणाऱ्या पैशांपैकी एक तृतीयांशपर्यंत रक्कम संपर्कावर खर्च करतात, असं त्यात नोंदवलं आहे. जर्मनीत पहिल्या निवाऱ्यात एकट्या प्रौढ माणसाला तेव्हा महिन्याचा हातखर्च मिळत होता १४३ युरो. त्यातूनच सिमकार्ड भरायचं.

मग निवाऱ्यात वाय-फाय का नव्हतं? पैशाचं कारण होतंच, पण खरा अडथळा कायद्यात होता. २०१०च्या मे महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं एक निकाल दिला. एक गृहस्थ सुट्टीवर गेलेले असताना त्यांच्या वाय-फायवरून कुणीतरी एक गाणं बेकायदा वाटलं. ते गृहस्थ नुकसानभरपाईतून सुटले, पण जोडणीला नीट कुलूप लावलं नाही म्हणून गाण्याच्या हक्कदारानं धाडलेल्या नोटिशीच्या खर्चाची जबाबदारी त्यांच्यावर आली. या एका निकालानं देशभरची उदार माणसं धास्तावली. चहाच्या दुकानदारापासून नगरपालिकेपर्यंत सगळे पासवर्ड लावून बसले. शेकडो अनोळखी माणसांसाठी इंटरनेट खुलं ठेवायला निवाऱ्याचा चालक कशाला तयार होईल?

फ्रायफुंकच्या मंडळींनी यावर तोडगा आधीच काढून ठेवला होता. सिग्नल स्थानिक राउटरवरून निघायचा, पण बाहेरच्या जगात उतरायचा तो स्वीडनसारख्या देशातून किंवा संघटनेच्या स्वतःच्या यंत्रणेतून, म्हणजे नोटीस घरमालकाच्या दारात येणार नाही. २०१५च्या त्या महिन्यांत गावोगावचे फ्रायफुंकवाले शिड्या घेऊन निवाऱ्यांवर पोचले. जिथे तार नव्हती तिथे शेजारपाजारच्या घरांना विचारलं गेलं: तुमच्या जोडणीतला थोडा वाटा द्याल का? शेजाऱ्याच्या खिडकीत एक छोटा राउटर, निवाऱ्याच्या भिंतीवर दुसरा. कायदा सुधारला तो नंतर, आधी २०१६ आणि मग २०१७ साली.

मला या सगळ्या हकिकतीत तो खिडकीतला राउटर महत्त्वाचा वाटतो. नव्या गावात रुजणं म्हणजे कुणीतरी आपल्याला ओळखणं. निवाऱ्यातल्या माणसाची भेट पडायची ती पहारेकऱ्याशी, कारकुनाशी, दुभाष्याशी. राउटर लावायला आलेला माणूस यांपैकी कुणी नव्हता. तो समोरच्या इमारतीत राहत होता.

आणि त्या जोडणीवरून काय आलं? सगळ्यांत आधी, पत्राचा अर्थ. जर्मन सरकार कागदावर चालतं. आश्रयाच्या अर्जाचा निर्णय येतो तो पिवळ्या लिफाफ्यात, आणि पोस्टमन लिफाफ्यावर तारीख लिहितो. त्या तारखेपासून दाद मागण्याची मुदत सुरू होते: साधारणपणे दोन आठवडे, काही प्रकरणांत एकच. कार्यालयीन जर्मन भल्याभल्या जर्मनांनाही जड जाते. अशा वेळी पत्राचा फोटो काढून कुण्या जाणत्याला पाठवता आला, तर मुदत हातातून निसटत नाही.

मग घर. मार्च २०१६ मध्ये जर्मनीनं मर्यादित संरक्षण मिळालेल्यांना कुटुंब बोलावण्याची मुभा दोन वर्षांसाठी थांबवली. बाप इकडे, मुलं तुर्कस्तानात किंवा बेरूतमध्ये. मधली वर्षं व्हॉट्सॲपवर गेली. फोनवर मायदेशाला चिकटून राहणारा माणूस नव्या गावात मिसळत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मुलं सुखरूप आहेत की नाहीत हे ठाऊक नसलेल्या बापाला जर्मन व्याकरण शिकवून पाहा.

भाषेचा सरकारी वर्ग ६०० तासांचा, पण त्यात जागा मिळेपर्यंत महिने जायचे. जानेवारी २०१६ मध्ये सरकारी संस्थांनी गटे इन्स्टिट्यूटच्या साथीनं ‘आनकोमेन’, म्हणजे ‘पोचणं’, हे ॲप पाच भाषांत काढलं. एकदा उतरवून घेतलं की ते इंटरनेटशिवाय चालायचं. करणाऱ्यांना निवाऱ्यांची अवस्था ठाऊक होती. त्याच सुमाराला अब्दुल अब्बासी आणि अला फहाम या दोन सीरियन तरुणांनी ‘जर्मन लाइफस्टाइल’ या नावानं यूट्यूबवर छोटे व्हिडिओ सुरू केले. जर्मन माणूस असं का वागतो, आपण तसं का वागतो, हे दोन्ही बाजूंना हसवत सांगणारे.

ही गरज २०१५ साली उपजली नव्हती. कॅमेरूनहून आलेल्या चू एबेन यांनी शतकाच्या सुरुवातीला पॉट्सडाममध्ये ‘रिफ्यूजीज इमॅन्सिपेशन’ ही संस्था उभी केली आणि ब्रांडेनबुर्गच्या आश्रयगृहांत जुने संगणक जोडून इंटरनेटच्या खोल्या थाटल्या. तेव्हा आश्रयार्थीला नेमून दिलेल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नसे. पायांना बंदी असलेल्या माणसांनी ती खोली स्वतःच उभारली आणि स्वतःच चालवली. दयेनं दिलेल्या वाय-फायपेक्षा मला ती मोलाची वाटते.

तोच फोन उलटतोही. २०१७च्या कायद्यानं ओळखपत्र नसलेल्या अर्जदाराचा फोन तपासण्याचा अधिकार निर्वासित कार्यालयाला मिळाला. ज्यात आईचा आवाज होता, त्याचा पुरावा झाला. एका अफगाण स्त्रीनं याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला: ओळख पटवण्याचे सौम्य मार्ग असताना सरसकट फोन उघडणं बेकायदा. तिच्या त्या एका दाव्यानं पुष्कळांचं भलं केलं.

आता आपल्याकडचीही मुलं त्या देशाची वाट धरताहेत. कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. ही मुलं निर्वासित नव्हेत. हाती व्हिसा, नोकरीचं पत्र आणि चांगला फोन घेऊन ती विमानात बसतात. पण उतरल्यावर एक फेरा त्यांनाही चुकत नाही. घरात इंटरनेट घ्यायचं तर बहुधा बँक खातं लागतं. खात्यासाठी बहुतेक ठिकाणी पत्त्याची सरकारी नोंद मागतात. नोंद घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र हवं. आणि मुळात घर शोधायचं ते इंटरनेटवर. तेवढ्या दिवसांपुरता समोरच्या दाराची घंटा वाजवून पासवर्ड मागावा लागतो, शिकलेल्या जर्मनमधलं पहिलं खरं वाक्य जुळवत.