ठोशातला जोर येतो कुठून?

ठोसा हाताने मारला जात असला, तरी त्याचा जोर मागच्या पायातून उठतो. टाच उचलून चवडा जमिनीत रेटला की कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि शेवटी मूठ पोहोचते. त्यामुळे नुसते दंड फुगवून भागत नाही. पाय-कंबरेतले बळ क्षणार्धात वापरता यायला हवे. शिवाय दमही हवा. १९७४ मध्ये किन्शासातल्या मुष्टियुद्धाच्या लढतीत धिप्पाड जॉर्ज फोरमन ठोसे मारमारून थकला आणि आठव्या फेरीत मुहम्मद अलीने त्याला लोळवले. मग ताकद बिनकामाची का? तसे मुळीच नाही. १९९४ मध्ये ४५ वर्षांच्या याच फोरमनने, गुणांत मागे असताना, दहाव्या फेरीत उजव्या ठोशाने मायकेल मूररला गारद केले. म्हणजे ताकद निर्णायक ठरते, पण दम टिकला आणि नेम साधला तरच.