विकत घेण्याआधी खोलीत मांडलेला सोफा

डोळ्यांवर हेडसेट चढवून सोफा निवडायचा म्हटलं, की पुष्कळांना वाटतं, माणूस एखाद्या काल्पनिक दुकानात शिरतो. तसं नाही. भोवतालचं सगळं झाकून वेगळंच जग उभं करतं ते आभासी वास्तव. फर्निचर घरात कसं दिसेल हे पाहण्यासाठी वापरतात ते संवर्धित वास्तव (खऱ्या दृश्यावर संगणकाने चढवलेली प्रतिमा). नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून नवा रस्ता आखावा, तसं हे काम चालतं. खालचा नकाशा दिसतच राहतो.

२०१६ मध्ये लोज या अमेरिकी दुकानसाखळीने मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स हेडसेटसह संवर्धित वास्तवाचा प्रयोग केला. दुकानात मांडलेल्या स्वयंपाकघरात उभं राहून ग्राहकांना कपाटं आणि ओट्याचा दगड बदलून पाहता येत असे. पुढच्याच वर्षी आयकिया या फर्निचर कंपनीने घरात फर्निचर मांडून पाहण्याची सोय मोबाइलवर आणली.

यामागचं खरं कौशल्य मोजमापाचं आहे. कॅमेरे आणि संवेदक (अंतर व हालचाल टिपणारे भाग) जमीन नि भिंती ओळखतात, म्हणून आपण भोवती फिरलो तरी सोफा जागचा हलत नाही. अर्थात, विक्रेत्याने भरलेली मापं अचूक हवीत.

रंगाबाबत मात्र सावध राहावं. खोलीतला पिवळा दिवा खऱ्या कापडावर पडतो तसाच प्रतिमेवर उमटेल, याची खात्री नसते. गादीचा मऊपणा तर हात लावल्याशिवाय कळत नाही. आणि सोफा जिन्यातून वर चढेल का, यासाठी वळणाची जागा आणि दाराची रुंदी टेपने मोजलेलीच बरी.