ट्रॅक्टरच्या आधी एक लागण, एक खोडवा



ऊस नोंदीच्या दिवसांत गट ऑफिसात बसलं, की उसापेक्षा घरच्याच गोष्टी जास्त कानावर येतात. असेच एरंडोलकडचे एक जुने सभासद मुलाला घेऊन आले. मुलगा तेवीस वर्षांचा, आय.टी.आय. झालेला, कामाला वाघ. म्हणाला, "साहेब, माले ट्रॅक्टर लेनं शे." फायनान्सवाला घरी येऊन कागद करून देणार होता. वडील म्हणाले, "उतारा माझा, सही माझी. करू का नको, तुम्हीच सांगा."

ट्रॅक्टर घ्या किंवा घेऊ नका, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु उसाचा पैसा कसा येतो आणि कुठे जातो हे आम्हां लोकांना रोज दिसते. म्हणून काटा पावतीच्या पाठीमागेच हिशोब मांडला. तो इथे देतो, कारण हाच प्रश्न पुष्कळ घरांत आहे.

त्यांचा ऊस दोन एकर. एकरी ३५ टन धरले तर ७० टन. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये, उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर सुमारे ३,२९० रुपये. आपण कमीचा आकडा धरू. ७० टनांचे झाले २,३०,३०० रुपये. तोडणी-वाहतूक टनी ९०० धरा, ६३,००० गेले. राहिले १,६७,३००. विकास सोसायटीचे पीककर्ज दोन एकरांचे १,१०,००० धरले, तर ते बिलातूनच वळते होते. हातात ५७,३००. यातच वर्षाचा किराणा, दवाखाना, लग्नकार्य आणि आखाजीला सालदार ठरवायचा तर त्याची उचल.

आता ट्रॅक्टर. किंमत साडेसात लाख धरू, दीड लाख पदरचे, सहा लाख कर्ज. पाच वर्षे मुदत, १२ टक्के व्याज, सहामाही हप्ता. एक हप्ता सुमारे ८१,५०० रुपयांचा बसतो. वर्षाचे झाले १,६३,०००. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाता सगळा ऊस एकट्या ट्रॅक्टरला घालावा लागेल. पोरगं पावतीकडे बघत राहिलं. डिझेल अजून लिहिलंच नव्हतं.

शिवाय तारखेचा प्रश्न. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरी बिले लांबतात हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. हप्ता थकला की सिबिलवर नोंद होते, आणि जो जामीन राहिला त्याच्याही नावावर होते. पुढे त्याच माणसाला बँकेत कर्ज मागायला गेल्यावर हे कळते.

मग तरुणाने मोठी वस्तू घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. सहकारी साखर कारखान्यांचा आरंभच पाहा. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली ती १९२३ साली, तेव्हा ते विशीत होते. प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले १९५० च्या अखेरीस. मधली २७ वर्षे नुसती वाट पाहण्यात गेली नाहीत. कर्ज द्यायचे, वेळेवर वसूल करायचे, वही चोख ठेवायची, ही सवय लहान रकमांवर झाली. म्हणून पुढे गावोगाव भाग भांडवल मागायला गेल्यावर लोकांनी पैसे हाती दिले.

आपल्याला २७ वर्षे थांबायचे नाही. मी त्या मुलाला म्हणालो, एक लागण आणि एक खोडवा तुझ्या हिशोबाने कर. वीस-तीस गुंठ्यांचा तुकडा वेगळा काढ. नोंद वडिलांच्या नावे राहिली तरी चालेल, पण बेणे, खत, पाणी, मजुरी सगळे तुझ्या वहीत आणि त्याचे बिल आले की तुझ्या खात्यात. सुरू लागण केली तर दोन वर्षांत दोन बिले हाती येतात. खोडव्याला बेणे आणि नांगरट नाही, त्यामुळे खर्च कमी येतो. मात्र पाचट जाळले आणि खत-पाण्याकडे दुर्लक्ष केले तर टनेज पडते.

पोरगं म्हणालं, "दोन वर्षं? तोवर भाव वाढतील." वाढतील, खरं आहे. पण या दोन वर्षांत आणखी एक वही ठेव. गावात ट्रॅक्टर किती, कोण कुणाला बोलावतो, तासाला काय देतो, उधारी किती राहते. दोन एकरांवर ट्रॅक्टरचा हप्ता फिटत नाही, तो भाड्याच्या तासांवर फिटतो. ते तास गावात शिल्लक आहेत का, हे आधी समजले पाहिजे. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. घाईने आधी घेतलेल्यांचे अनुदान हुकलेले मी पाहिले आहे.

पीककर्जही मुलाने स्वतः समजून घ्यावे. तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत भरले तर केंद्राच्या सवलतीवर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की सवलत जाते. हे बहुतेक घरांत फक्त वडिलांना ठाऊक असते, कधी कधी त्यांनाही नाही.

मी शहाणपण सांगतो आहे, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती. तीन महिने पगार लांबला आणि हप्ते वडिलांनी कापूस विकून भरले. ते काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

त्या मुलाने ३० गुंठे वेगळे काढले आहेत. लागण झाली, उगवण चांगली आहे. दीड लाख पदरचे आणि वर एक हप्ता बाजूला साठेपर्यंत सही करायची नाही, असे बापलेकांचे ठरले आहे.

ज्यांना मुला-मुलींसाठी असा वेगळा तुकडा नोंदवायचा असेल त्यांनी लागण झाल्याबरोबर गट ऑफिसात यावे. सोबत सातबारा आणि बँकेचे पासबुक आणावे, आणि मुलालाही आणावे. एका सातबाऱ्यावर दोन तुकडे असले तर नोंदी वेगळ्या घालता येतात. फक्त लागणीची तारीख खरी सांगावी, नाहीतर तोडणी चिठ्ठीच्या वेळी घोळ होतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी