कायद्याच्या पांघरुणाखालीं

राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा खून नेहमीं रात्रीच्या अंधारांतच होतो असें नाहीं. कित्येकदां तो भर दिवसां, कायद्याच्या कलमांचा आधार घेऊन होतो. १९३३ सालीं जर्मनींत जें घडलें तें याचें ढळढळीत उदाहरण होय.

२७ फेब्रुवारीस राइशस्टागच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशीं निघालेल्या वटहुकुमानें व्यक्तिस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य व सभास्वातंत्र्य यांचीं घटनेंतील कलमें तहकूब झालीं. ‘संरक्षणार्थ अटक’ या गोंडस नांवाखालीं धरपकड सुरू झाली. ना आरोपपत्र, ना न्यायाधीश. प्रथम कम्युनिस्ट धरले गेले, तेव्हां जळतें आहे तें शेजाऱ्याचें घर, असें मानणारे पुष्कळ होते. २३ मार्च रोजीं सर्वाधिकाराचा कायदा मतास आला. सभागृहांत नाझी दलाचा पहारा. कम्युनिस्ट सभासदांस आधींच मज्जाव. अशाही स्थितींत ओट्टो वेल्स यांच्या नेतृत्वाखालीं ९४ सोशल डेमोक्रॅट सभासदांनीं विरुद्ध मत दिलें. अन्य एकाही पक्षास तें धैर्य झालें नाहीं.

कामगारसंघांच्या पुढाऱ्यांनीं मात्र निराळा मार्ग धरला. पक्षापासून अलिप्त राहिल्यास संस्था तरी वांचेल, या आशेनें त्यांनीं १ मेच्या सरकारी समारंभांत सामील होण्यास सभासदांस सांगितलें. या नमतेपणाचें फळ दुसऱ्याच दिवशीं मिळालें. २ मे रोजीं देशभर संघांच्या कचेऱ्या ताब्यांत घेण्यांत आल्या, निधि जप्त झाले, थिओडोर लायपार्ट प्रभृति पुढारी अटकेंत पडले. डुइसबुर्ग येथें तर चार कार्यकर्त्यांस संघाच्याच इमारतीच्या तळघरांत मारून टाकण्यांत आलें. २२ जूनला सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी आली, आणि १४ जुलैच्या कायद्यानें नाझींखेरीज अन्य पक्ष चालविणें हाच गुन्हा ठरला.

त्याच जून महिन्यांत कामगारपुढारी विल्हेल्म लॉयश्नर यांस जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस नेण्यांत आलें. नव्या राजवटीची त्यांनीं भलावण करावी, ही अपेक्षा होती. त्यांनीं मौन धरलें, आणि परततांच त्यांस तुरुंग पाहावा लागला. पुढें हिटलरविरुद्धच्या कटांतील भागाबद्दल २९ सप्टेंबर १९४४ रोजीं ते फांशीं गेले.

विनाचौकशी अटकेच्या हुकुमांत नांवाची जागा कोरीच असते. आज तेथें आपल्या विरोधकाचें नांव आहे म्हणून जो स्वस्थ बसतो, तो उद्यां तेथें आपलें नांव लिहिण्यास स्वतःच संमति देतो.