बेळ्ळंदूरचे तळे

ज्या नगराजवळून मोठी नदी वाहत नाही, त्यास पावसाचे पाणी साठवूनच निर्वाह करावा लागतो. बेंगळुरू हे असेच एक नगर होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर ते वसले असून तेथील पाणी तीन मुख्य खोऱ्यांवाटे खाली उतरते. त्यांपैकी कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यात बेळ्ळंदूरचे तळे पसरले आहे. सुमारे ९०० एकर क्षेत्राचे हे तळे बेंगळुरूत सर्वांत मोठे आहे. आणि ते निसर्गाने नव्हे, तर माणसाने निर्माण केले आहे.

तळ्याची रचना

अशा तळ्याची रचना साधी असते. खोऱ्यास आडवा मातीचा बांध घालावयाचा, त्याच्या पोटात मोरी ठेवून शेतास पाणी सोडावयाचे आणि जादा पाण्यासाठी सांडवा बांधावयाचा. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, तर तो पाहता पाहता वाहून जातो. म्हणून सांडवा हाच बांधाचा रक्षक होय. वरच्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी नाल्याने खालच्या तळ्यात येते. बेळ्ळंदूरचे पाणी याच रीतीने वर्तूरच्या तळ्यात व तेथून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते. कन्नड भाषेत तळ्यास ‘केरे’, सांडव्यास ‘कोडी’ आणि नाल्यास ‘राजकालुवे’ म्हणतात. आपल्याकडील पाटकऱ्याप्रमाणे तेथे पाणीवाटपासाठी ‘नीरगंटी’ असे.

या रचनेचा एक भाग मात्र डोळ्यांस दिसत नाही. तो म्हणजे ऋतुचक्र. तळे पावसाळ्यात भरे, उन्हाळ्यात ओसरे. उघड्या पडलेल्या तळातील गाळ शेतकरी शेतात नेऊन घालीत. त्यामुळे तळे खोल राही व जमीन सुपीक होई.

दुसऱ्या महायुद्धात या तळ्याचा एक निराळाच उपयोग झाला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली बेंगळुरूस विमानांचा कारखाना स्थापन झाला होता. तेथे दुरुस्तीस येणारी कॅटालिना जातीची जलविमाने बेळ्ळंदूरच्या पाण्यावर उतरत असत.

पाणी बारमाही झाले

१८९६ साली हेसरघट्ट येथून नगरास नळाने पाणी मिळू लागले आणि १९७४ साली कावेरीचे पाणी आले. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, सुमारे ५०० मीटर उंच चढवून ते आणले जाते. वापरून झालेले पाणी अर्थातच उताराच्या वाटेने जाते. आणि ती वाट म्हणजे तेच जुने नाले! नगर वाढत गेले, तसे सांडपाणी बाराही महिने तळ्यात येऊ लागले. तळे आटेनासे झाले आणि गाळ तळाशी साचत राहिला.

धुलाईच्या चूर्णातील फेनकारी द्रव्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते व दुसरे पाणी टाळते. त्यामुळे पाण्यात शिरलेल्या हवेचे बुडबुडे लवकर फुटत नाहीत. तळ्यातील पाण्यात प्राणवायू नसल्याने ही द्रव्ये विघटित न होता गाळास चिकटून साचतात. मोठा पाऊस आला की गाळ ढवळला जातो, ती सुटी होतात आणि सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळून पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहतात. ज्या सांडव्याने बांध राखला, तोच आता फेस घुसळतो!

फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्ये तर तळ्यास आग लागली. वाळलेले तण व कचरा पेटला आणि कुजणाऱ्या गाळातून निघणारा ज्वलनशील मिथेन वायू अशा आगीस पोषक ठरतो. दुसऱ्या खेपेस सुमारे ५,००० सैनिकांस आग विझविण्यास धावावे लागले.

उपाय कोणता?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर सांडपाणी बाजूच्या चराने वळवून तळे कोरडे करण्याचे व गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. २०१८ पासून या खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तळ्यांकडेही पाठविले जाते. परंतु ते पुरेसे शुद्ध नसेल, तर बेळ्ळंदूरचाच रोग कोलारला जडण्याचा धोका आहे. केवळ गाळ काढूनही भागणार नाही; नाल्यांतील सांडपाणी थांबले नाही, तर तळे पुन्हा भरेल.

आपल्या गावच्या तळ्याकाठी जाल, तेव्हा बांध, मोरी व सांडवा अवश्य शोधून पाहा. मग नाल्याच्या काठाने थोडे वर चालत जा आणि त्यातून उन्हाळ्यात कोणते पाणी येते, तेही पाहा. तळ्याचे पुढे काय होणार, हे तेथेच समजेल.